कडबेवाडीची लुकलुक

माणसाचा डोळा हा मुळात सरकारच्या बाजूचा अवयव आहे. कानाचं तसं नाही. गाणं मध्येच तुटलं की कानाला लगेच कळतं. पोटाला तर घड्याळ नसतानाही जेवणाची वेळ टळलेली समजते (पोट पहिल्यापासूनच विरोधी पक्षात आहे). डोळा मात्र समजूतदार. त्याच्यापुढं एखादी वस्तू ठेवा, काढून घ्या, पुन्हा ठेवा, पुन्हा काढून घ्या, आणि हे सगळं चपळाईनं करत राहा. डोळा गंगाजळी उचलून सांगेल की वस्तू जागची हललीच नाही. मधला सगळा अंधार तो पदरमोड करून भरून काढतो आणि पावतीसुद्धा मागत नाही. अशा अवयवाचा राज्यकारभारात काही उपयोग करून घ्यावा, हे सुचायला सन अठ्ठावन्न उजाडावं लागलं, आणि ज्या गावात ते सुचलं ते गाव म्हणजे मुरुम गावापासून बैलगाडीच्या वाटेवरचं कडबेवाडी.

हे मी ऐकीव सांगत नाही. कडबेवाडी लुकलुक चौकशी समितीचा मी चिटणीस होतो. ज्या प्रचार कचेरीनं ही समिती नेमली तिचं नाव सांगत नाही, कारण ते आम्हालाही नक्की ठाऊक नव्हतं. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं. ते गेलं, मुंबई राज्य आलं. आणि पाटी रंगवणारा दर वेळी अर्ध्यावर असतानाच नवा हुकूम यायचा. मी आधी उर्दूत दरख्वास्ती लिहायचो, नंतर मराठीत अर्ज लिहू लागलो. उत्तर दोन्ही भाषांत येत नसे, त्यामुळं बदल अंगवळणी पडायला जड गेला नाही.

तर मूळ प्रकरण असं. त्या साली थंडीत कडबेवाडीला सरकारी दवाखाना उघडला. फीत कापली, नारळ फोडला. डॉक्टर अणदूरकर नावाचे कोवळे डॉक्टर खुर्चीत बसले, त्यांनी एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावली, आणि या सगळ्याची फिल्म निघाली. फिल्म निघाल्यावर डॉक्टरांकडं आसपासच्या आणखी आठ गावांचा कार्यभार देण्यात आला. नऊ गावांना एक डॉक्टर हे प्रमाण कागदावर वाईट दिसत नाही; कागदावर गावं जवळजवळ असतात. दवाखान्याला कुलूप लागलं. कुलूप नवं होतं, दणकट होतं, आणि पूर्णवेळ हजर होतं.

उन्हाळ्यात ती फिल्म घेऊन आमची गाडी कडबेवाडीला गेली. उद्देश असा, की आपल्या गावात दवाखाना आहे हे गावकऱ्यांना कळावं.

गाडी म्हणजे एक जीप, तिच्यात विजेचं इंजिन, सिनेमाचं यंत्र, सतरंज्या आणि पडदा. जीप हाकणारा, इंजिन चालवणारा, यंत्र फिरवणारा आणि पडदा बांधणारा माणूस एकच, त्याचं नाव बब्रुवान. बब्रुवानची सगळी नोकरी दोन नियमांवर चालली होती: पडदा दिसला की थांबायचं, आणि खेळ झाल्याशिवाय हलायचं नाही. तिसरा नियम शिकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

कडबेवाडीच्या वेशीत रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कडुलिंबाची झाडं आहेत. पडदा नेहमी त्या दोन लिंबांच्या मध्ये, रस्ता अडवून बांधायचा. बाप्ये पडद्याच्या बाहेरच्या अंगाला बसायचे, बाया गावाच्या अंगाला, म्हणजे पडद्याच्या मागं. अब्रूदार गावात दुसरी रीत शक्यच नव्हती. मागून चित्र उलटं दिसतं, उजवं ते डावं. त्यामुळं बायांना डॉक्टर डावखुरे दिसले, त्यांचा भांग भलत्या बाजूला दिसला आणि म्हाताऱ्याचं काळीज उजवीकडं दिसलं. याबद्दल कुणीही तक्रार केली नाही. सरकारी माणूस असतो असा, एवढंच त्यांनी मनाशी घेतलं.

तक्रार झाली ती निराळीच. त्या दिवशी इंजिन दमलेलं होतं. यंत्र सावकाश फिरू लागलं, फिल्ममधल्या बोलणाऱ्याचा आवाज रेड्यासारखा खोल गेला, आणि पडदा लुकलुकू लागला. उजेड, अंधार, उजेड, अंधार. नेमके त्याच वेळी डॉक्टर अणदूरकर पडद्यावर आले, आणि पडद्यामागून एका बाईचा खणखणीत आवाज उठला.

“अगं बया! ह्यो डाक्टर बघा की! हाय, न्हाय, हाय, न्हाय! आवं, पडद्यावर बी त्येच करायलाय!”

आधी बाया हसल्या, मग बाप्ये हसले. पोलीस पाटील कोंडीराम हे सरकारचे माणूस. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्यांना ठसका लागला. या गोंधळात आमचे साहेब विष्णुपंत जागे झाले. विष्णुपंत तुळजापूरचे, जुन्या घराण्यातले, अत्यंत कर्तव्यदक्ष अधिकारी. सरकारी फिल्म ते पहिल्या मिनिटापासून डोळे मिटून बघत.

“कोण बोललं ते?” त्यांनी विचारलं.

“म्या बोलले की,” पडद्यामागून उत्तर आलं. “धुरपदा म्हनत्यात मला.”

धुरपदाबाई म्हणजे गावातली नामांकित तोंडाळ बाई. तिच्याशी भांडण न झालेलं घर गावात नव्हतं, स्वतःचं धरून. मात्र त्या दिवशी ती भांडायला आलेली नव्हती. तिची सून कमल आठव्या महिन्यात होती. गावच्या सुईणीनं, मथुराबाईनं, पोट चाचपून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं नाही, वेळेला डॉक्टरच पाहिजे. कमलला पहिलटकरीण म्हणून धास्ती होतीच, आता झोपही उडाली होती. धुरपदाबाईनं चार महिने सुनेशी उभा दावा मांडला होता. मथुराबाईचे शब्द ऐकल्यापासून ती तिच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढत होती. गावाला काळजी वाटली ती तेव्हा.

“साहेब,” ती पडद्यामागूनच म्हणाली, “तुमचा पडद्यावरचा डाक्टर तेवढा खाली उतरवा. माझ्या सुनंची सुटका झाली की मग पुन्हा वर चढवा आन् लुकलुकू द्या खुशाल, म्या हूं का चूं करनार न्हाय.”

“डॉक्टर नेमलेले आहेत,” विष्णुपंत म्हणाले.

“नेमल्याती व्हय. पन हायती कुठं?”

या प्रश्नाला प्रशासनात उत्तर नसतं. अशा प्रश्नाची चौकशी असते. शासनाचं चित्र लुकलुकतं असं एका बाईनं भर सभेत म्हटलं, लोक हसले, आणि हसणाऱ्यांत पोलीस पाटील होते. विष्णुपंतांनी तिथल्या तिथं समिती जाहीर केली. अध्यक्ष ते स्वतः, तज्ज्ञ सदस्य म्हणून तुळजापूरच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक अंबादास मास्तर, चिटणीस मी. पडदा पुरावा म्हणून जप्त झाला. त्याची घडी घालून, सुतळीनं बांधून, लाखेचं सील मारून तो कोंडीराम पाटलांच्या माडीवर ठेवण्यात आला, आणि पाटलांनी त्याच्यावर हळदीची पोती रचली.

समितीपुढं मुख्य प्रश्न एकच होता: लुकलुक नेमकी होते कुठं? ती यंत्रात असेल तर जबाबदारी आमच्या कचेरीची. कापडात असेल तर भांडारपालाची, आणि भांडारपाल विष्णुपंतांचे साडू होते. राहता राहिला डोळा. डोळा बाईचा होता, बाई निरक्षर होती, आणि तिच्या नवऱ्याचा साडू कोणत्याच कचेरीत नव्हता. सबब समितीनं अत्यंत मोकळ्या मनानं कामाला सुरुवात केली.

चावडीत बैठक भरली. अंबादास मास्तर हा भिडस्त माणूस, पण विज्ञानाचं नाव काढलं की त्यांना आवरणं कठीण. त्यांनी सांगितलं की सिनेमात काही हलत नसतं. सुटी सुटी चित्रं असतात. एक चित्र भिंगासमोर येतं, क्षणभर थांबतं. मग एक पातं फिरून उजेड झाकतं, त्या अंधारात चित्र सरकतं आणि दुसरं येऊन थांबतं. खेळ चालू असताना जवळजवळ अर्धा वेळ पडदा काळाच असतो.

“अर्धा वेळ?” विष्णुपंत ताठ बसले.

“हो साहेब. पण पातं जलद फिरत असलं की डोळ्याला पत्ता लागत नाही. आधीच्या चित्राचा ठसा डोळ्यात क्षणभर रेंगाळतो, तेवढ्यात पुढचं चित्र येतं. यंत्र सावकाश झालं की ठसा पुसतो आणि मधला अंधार दिसायला लागतो. तीच लुकलुक.”

यानंतर प्रयोग झाले. मी पुरुषांना ओळीनं बसवलं, बब्रुवाननं यंत्र हळू-जलद फिरवून पाटलांच्या भिंतीवर उजेड पाडला, आणि मी माणसागणिक निरीक्षणं टिपली. झोपलेल्या माणसाला लुकलुक अजिबात दिसत नाही, हे सिद्ध झालं (या प्रयोगाला अध्यक्षांनी स्वतःला वाहून घेतलं होतं). उजेड जितका लख्ख तितकी लुकलुक जास्त जाणवते, असंही आढळलं. त्यावरून शासकीय कामावर वाजवीपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये अशी शिफारस झाली. तिसरं निरीक्षण सगळ्यांत मोलाचं. सरळ समोर बघणाऱ्याला लुकलुक कमी दिसते, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणाऱ्याला जास्त. मास्तर म्हणाले, हे डोळ्याच्या रचनेतच आहे.

“बाई, तुम्ही त्या दिवशी पडद्याकडं सरळ बघत होतात का?” विष्णुपंतांनी धुरपदाबाईला विचारलं.

“न्हाय बा. कमळी बाजूला बसली व्हती. तिला बसवत नव्हतं, कळ येत व्हती. माझं ध्यान तिच्याकडं. पडदा आपला येता-जाता दिसत व्हता.”

“लिहा,” विष्णुपंत मला म्हणाले. “तक्रारदार बाई सरकारकडं तिरक्या नजरेनं बघत होती, असं तिनं स्वतः कबूल केलं.”

मी लिहिलं. धुरपदाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की माझा टाक दौतीत बुडायचा तो चहात बुडाला.

“साहेब, लिवा काय लिवायचं ते,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “माजे डोळे फोडा पायजे तर. पर डाक्टर कवा यायचा त्येवढं सांगा. पोरगी रातरात बसून असती वो. एकवीस वरसाची हाय.”

मला काहीतरी वाटलं, पण बैठकीच्या इतिवृत्तात वाटण्यासाठी रकाना नसतो.

विष्णुपंत मघापासून मास्तरांच्या बोलण्यावर विचार करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं तेज चढत गेलं की ते मी तोवर फक्त बदली रद्द झालेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलं होतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “म्हणजे दोष अंधाराचा नाही. अंधार असतोच. दोष वेगाचा!”

“चित्रापुरतं बोलायचं तर, हो.”

“चित्रापुरतंच कशाला? आमच्या तुळजापुरात आई वर्षातून तीनदा निद्रेला जाते. मूर्ती पलंगावर, गाभाऱ्यातलं सिंहासन मोकळं. म्हणून भक्ताला कधी वाटतं का, की आई नाही? नाही वाटत! आधीच्या दर्शनाचा ठसा असतो. मग डॉक्टरचा ठसा का राहू नये? डॉक्टर नऊ गावांना पुरत नाही, असं आपण आजवर रडत होतो. अहो, तो पुरतो! फक्त फिरवला पाहिजे. पात्यासारखा फिरवला पाहिजे!”

“पण साहेब,” मास्तर घाईनं म्हणाले, “चित्र भिंगासमोर थांबतं म्हणून दिसतं. थांबलंच नाही तर नुसता धुरळा दिसतो.”

“थांबण्याची बाब तांत्रिक आहे. ती पुढच्या समितीकडं.”

अशा रीतीनं सलग उपस्थिती योजना जन्माला आली. विज्ञानाचा असा लोकाभिमुख वापर जिल्ह्यात त्याआधी झाला नव्हता, आणि नंतर झाला तेव्हा त्याचं श्रेय आम्हाला कुणी दिलं नाही.

योजना सोपी होती. डॉक्टर अणदूरकरांना पांढऱ्या कोटासह जीपमध्ये बसवायचं, नळी गळ्यात, आणि बब्रुवाननं जीप नऊ गावांतून दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत फिरवत ठेवायची. प्रत्येक गावातून दिवसाकाठी डॉक्टर चार-पाचदा दिसले पाहिजेत. थांबायचं नाही; एका गावात थांबलं की आठ गावांत अंधार. दवाखान्याच्या दारात मात्र जीप किंचित हळू करायची आणि डॉक्टरांनी हात वर करायचा.

पहिल्या आठवड्यात लोक नुसते बघत राहिले. मग शहाणे झाले. जीपचा आवाज आला की आजारी माणसं रस्त्याच्या कडेला रांगेनं जीभ बाहेर काढून उभी राहू लागली. डॉक्टर धावत्या जीपमधून जिभा बघत आणि “तांबडं औषध!”, “पिवळ्या गोळ्या!”, “तेलकट बंद!” असं ओरडत जात. कंपाउंडर मागं बसून पुड्या फेकायचा. पुडी आपल्याला लागली की शेजाऱ्याला, याला महत्त्व उरलं नव्हतं. गावाला औषध मिळालं होतं. कडबेवाडीतल्या एका म्हशीला एकदा मुरड्याची पुडी मिळाली आणि तिला गुणही आला.

डॉक्टरांचं काय सांगावं? गरीब बिचारा पोरगा. दर फेरीला धुरपदाबाई कमलला धरून दारात उभी करायची, आणि डॉक्टर जीपमधून वाकून वाकून तिच्या पोटाकडं बघायचे. एकदा त्यांनी उडी मारायला पाय बाहेर काढला, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना लेखी समज दिली: आपण एका जागी आढळल्यास आपली इतरत्र गैरहजेरी धरण्यात येईल. डॉक्टरांनी मला ती समज दोनदा वाचून दाखवायला लावली. मग ते बराच वेळ हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना म्हटलं, रस्त्यात धुरळा फार आहे.

महिन्याअखेर आम्ही पाहणी केली. कडबेवाडीत शंभर माणसांना विचारलं, “गावात डॉक्टर आहेत का?” एक्याऐंशी जण म्हणाले, “हायती.” अकरा म्हणाले, “आत्ताच गेले की.” सात म्हणाले, “येतीलच.” उरलेला एक आकडा म्हणजे धुरपदाबाई, आणि तिचं उत्तर इतिवृत्तात घेण्याजोगं नव्हतं. असा निकाल खात्याच्या इतिहासात नव्हता. विष्णुपंतांनी वरिष्ठांना कळवलं आणि शेवटच्या फेरीची पाहणी करायला स्वतः जीपमध्ये बसले. मीही बसलो. साहेबांच्या हातात घड्याळ होतं.

सूर्य खाली उतरला होता. कडबेवाडी जवळ आली तशी बब्रुवाननं जीप हळू करायची ती एकदम करकचून ब्रेक लावून उभीच केली. माझं कपाळ पुढच्या कांबीवर आपटलं.

वेशीतल्या दोन लिंबांच्या मध्ये पडदा बांधलेला होता. पांढरा शुभ्र, ताणून, रस्ता अडवून. खाली लाखेचे तुकडे पडले होते.

दुपारपासून कमलला कळा लागल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. जीप दोनदा येऊन गेली. धुरपदाबाई दोन्ही वेळा तिच्यामागं धावली आणि दोन्ही वेळा धुरळा खाऊन परत आली. मग ती तडक पाटलांच्या माडीवर चढली. हळदीची पोती तिनं एकटीनं ओढली.

“मावशी, हात लावू नगा!” कोंडीराम पाटील ओरडले होते. “सरकारी पुरावा हाय त्यो!”

“असू दे! मला बी पुरावाच पायजे,” ती म्हणाली होती, “डाक्टर हाय का न्हाय ह्येचा!”

जीप थांबताच बब्रुवान सवयीनं खाली उतरला आणि सतरंज्या सोडायला लागला.

“अरे, काय करतोस? गाडी काढ!” विष्णुपंत गरजले.

“पडदा लागलाय साहेब. खेळ झाल्याबिगर कसं जायाचं?”

“कसला खेळ? फिल्म कुठाय?”

“त्ये मला काय ठावं? पडदा लागलाय न्हवं?”

तोवर डॉक्टर अणदूरकर पिशवी घेऊन पडद्याखालून सरपटत पलीकडं गेले होते. मीही मान घालून बघितलं. घर वेशीलाच होतं. दारात बायांची भिंत उभी होती, आणि आतून कमलचा आवाज येत होता; तो मी लिहून दाखवू शकत नाही.

बाया डॉक्टरांना आत सोडेनात.

“ह्यो न्हाय त्यो डाक्टर!” एक म्हणाली. “आमी बघितलाय की पडद्यावर. त्यो डावरा व्हता.”

“भांग बी दुसरीकडं व्हता,” दुसरी म्हणाली. “जीपमधला कोन का असंना. बाळंतिणीजवळ भलताच बाप्या कसा सोडायचा?”

“अगं सटव्यांनो, आपुन मागनं बघत व्हतो!” धुरपदाबाई किंचाळली. “मागनं बघितल्यावर सरकार उलटंच दिसतंय! सोडा त्याला आत, पाया पडते तुमच्या!”

धुरपदाबाई कुणाच्या पाया पडेल यावर गावाचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. बायांचा संशय उलट वाढला. तेव्हा डॉक्टरांनी केसांवरून हात फिरवून भांग मोडला आणि पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. बायांनी एकमेकींकडं बघितलं, आणि वाट दिली.

आम्ही पडद्याच्या अलीकडं राहिलो. बब्रुवाननं सतरंजी अंथरली होती, तेव्हा विष्णुपंत तिच्यावर बसले. पलीकडं कंदील लागले आणि पडद्यावर सावल्या उमटल्या: पाणी घेऊन धावणारी बाई, काष्टा आवळून दारातच उभी असलेली धुरपदाबाई. या चित्राला यंत्र नव्हतं, पातं नव्हतं. ते एकदाही लुकलुकलं नाही. साहेब आयुष्यात पहिल्यांदा सरकारी पडद्याकडं उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि हातातलं घड्याळ बघायचं विसरले होते.

मग पोर रडली.

काय सांगू, बब्रुवान भोकाड पसरून रडू लागला. “झाला बगा खेळ,” तो म्हणाला, आणि सतरंजी गुंडाळू लागला.

अहवाल मी आठ दिवसांत पूर्ण केला. त्या संध्याकाळचा उल्लेख त्यात ‘कडबेवाडी येथील व्यत्यय’ या सदराखाली आहे. डॉक्टर सलग एकाच ठिकाणी राहिल्यामुळं उरलेल्या गावांत त्या दिवशी ‘हायती’चं प्रमाण घसरलं, त्याबद्दल त्यांचा खुलासा मागवून त्यांची बदली करण्यात आली. कोंडीराम पाटलांना पुरावा न सांभाळल्याबद्दल ताकीद मिळाली. पडदा धुऊन परत आला, पण त्याच्यावरचे हळदीचे डाग काही गेले नाहीत, आणि त्यानंतर प्रत्येक सरकारी फिल्ममध्ये मान्यवर पाहुणे नवरदेवासारखे दिसू लागले.

लुकलुकीबाबत समितीचा निष्कर्ष एकमतानं झाला (अंबादास मास्तरांचं मत वेगळं होतं, पण ते बैठकीला बोलावलेले नव्हते). निरोगी डोळा मधला अंधार आपण होऊन भरून काढतो. ज्या डोळ्याला अंधार दिसतो तो डोळा रोगट समजावा. त्यानुसार धुरपदाबाईला सरकारी खर्चानं एक काळा चष्मा पाठवण्यात आला. तिनं तो जपून ठेवलाय, साहेब लोक गावात आले की ती तो घालते आणि त्यांना विचारते, “कोन हाय त्ये? हाय का गेलं?”

योजना पुढं फार पसरली. मास्तर, तलाठी, नळाचं पाणी, सगळं पात्यासारखं फिरू लागलं, आणि लोकांची काही हरकत दिसली नाही.

आता वाचकहो, एक लहानशी तपासणी आपलीही. घाबरू नका, जीभ काढायची नाही. कमलचं काय झालं, हे मी कुठं लिहिलंय? जरा वर जाऊन बघा. पोर रडली, एवढंच आहे. त्यापुढं अंधार आहे. त्यानंतर तुम्ही अहवाल वाचलात, पडद्यावरच्या डागांना हसलात, चष्म्यालाही हसला असाल. जिच्यासाठी हा सगळा आटापिटा झाला ती एकवीस वर्षांची पोरगी जगली की गेली, हे विचारायला तुम्ही थांबला नाहीत. आधीचा ठसा होता, गोष्ट जोरात चालली होती, मधलं तुम्ही आपल्या मनानं भरून काढलंत. कडबेवाडीत हा प्रश्न पहिल्या क्षणाला विचारणारी एकच बाई होती; पोरीकडं न बघता ती आधी सुनेच्या उशाशी गेली आणि तिच्या नाकाशी हात धरून बसली, श्वास येतोय का म्हणून.

येत होता. कमल आहे, तिची सासूशी भांडणंही पूर्ववत सुरू झाली आहेत.

समितीच्या निकषांप्रमाणे आपले डोळे अगदी निरोगी आहेत. आपण चष्म्यासाठी अर्ज करू नये.